मराठी मुलुखातील साक्षरता आणि तीन राजवटींचा वारसा

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा त्यात एकत्र आलेल्या मुलुखांची भाषा एक होती, परंतु शाळाखात्यांची दफ्तरे एक नव्हती. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, खानदेश आणि कोकण यांनी दीर्घकाळ मुंबई इलाख्याचा कारभार अनुभवला होता. नागपूर आणि वऱ्हाड हे मध्यप्रांताच्या कचेरीशी बांधलेले होते. आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली राहून आले होते. या तीन मुलुखांपैकी शिक्षणात कोण पुढे, कोण मागे, आणि जे मागे राहिले ते कोणाच्या दोषाने, हा वाद राज्याइतकाच जुना आहे. विधिमंडळात आणि विद्यापीठांच्या परिसंवादांत तो पुनःपुन्हा उपस्थित होतो, आणि बहुधा ज्या गृहीतावरून त्याचा प्रारंभ होतो तेच तपासल्यावाचून समाप्त होतो.

ते गृहीत असे, की पश्चिम महाराष्ट्र सर्वांत पुढे, विदर्भ उपेक्षित आणि मराठवाडा सर्वांच्या मागे. 2011 च्या जनगणनेचे आकडे समोर ठेवले की यातील शेवटचा भाग बऱ्याच अंशी खरा ठरतो, परंतु पहिले दोन डळमळतात. राज्याची साक्षरता त्या वर्षी शेकडा 82.3 होती. मुंबईचे दोन्ही जिल्हे वगळले तर सर्वांत वरचे स्थान नागपूरचे (88.4), त्याखालोखाल अकोला (88) आणि अमरावती (87.4); वर्धा 87 च्या घरात, आणि पुणे, ज्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची आपली रीत आहे, ते 86 वर. जुन्या वऱ्हाडात मोडणारे अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाचही जिल्हे राज्याच्या सरासरीच्या वर आहेत. मराठवाड्याचे आताचे आठही जिल्हे तिच्या खाली आहेत, आणि त्यांतला अग्रणी औरंगाबाद हाही 79 वर थांबतो. उलट सर्वांत तळाचा जिल्हा नंदुरबार (64.4) हा निजामाचा नव्हे, मध्यप्रांताचाही नव्हे, तर खास मुंबई इलाख्यातील जुन्या पश्चिम खानदेशाचा वारसदार आहे.

दरडोई उत्पन्न, सिंचन, उद्योग या बाबतींत विदर्भाचा अनुशेष मोठा असूनही तेथील साक्षरता वरचढ का, आणि ज्या मराठवाड्याने वऱ्हाडाबरोबर दीर्घकाळ एकच धनी पाहिला तो मागे का, हे या क्षेत्रातील खरे कोडे आहे.

पूर्वपीठिका : तीन शाळाखाती

मुंबई इलाख्यातील शिक्षणाची कथा मराठी वाचकाला परिचित आहे, म्हणून तिचा विस्तार नको. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील प्रारंभिक प्रयत्न, 1840 चे बोर्ड ऑफ एज्युकेशन, 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर स्थापन झालेले शिक्षणखाते आणि 1857 चे विद्यापीठ, हे तिचे टप्पे होत. ग्रामीण भागाच्या दृष्टीने मात्र यांहून महत्त्वाची घटना 1860 च्या दशकातील आहे. जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयावर एक आणा लोकल फंडाचा कर बसला, आणि त्याचा एक भाग गावशाळांसाठी राखला गेला. हा पैसा रयतेचा आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, ही जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनातील मध्यवर्ती तक्रार होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, या त्यांच्या मागण्यांना पुढच्या पन्नास वर्षांत जे तुटपुंजे यश आले ते सरकारपेक्षा संस्थानिकांकडून अधिक आले. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये सर्व राज्यभर सक्ती लागू केली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ब्रिटिश हद्दीत मात्र गोखल्यांचे 1911 चे विधेयक फेटाळले गेले, आणि विठ्ठलभाई पटेलांच्या 1918 च्या कायद्याने तो प्रश्न नगरपालिकांपुरताच सुटला. जिल्हा लोकल बोर्डांना सक्तीचा मार्ग 1923 च्या कायद्याने मोकळा झाला खरा, पण तिजोरीत पैसा नसल्याने बहुतेक बोर्डांनी तो मार्ग दुरूनच पाहिला.

वऱ्हाडाचा इतिहास याहून वेगळा. 1853 च्या तहाने निजामाने हा सुपीक प्रांत कंपनीकडे सोपवला. सार्वभौमत्व नावाला निजामाचेच राहिले, आणि 1902 च्या करारानंतर प्रांत कायमच्या भाडेपट्ट्याने जाऊन पुढच्याच वर्षी मध्यप्रांताच्या कारभारात सामील झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव आणि 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग यांनी खामगाव, अकोला, अमरावती या पेठांत रोख पैसा आणला, आणि जमाबंदीही मुंबईच्या धर्तीवर रयतवारीनेच झाली. पूर्वेकडील नागपूर 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होऊन इंग्रजांकडे आले. तेथे जमाबंदी मालगुजारीची, म्हणजे जमीनदार मध्यस्थ असलेली, होती, तर शिक्षणाची सूत्रे बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्या आणि प्रांतिक सरकारच्या हाती राहिली. हिस्लॉप आणि मॉरिस ही नागपूरची दोन्ही महाविद्यालये 1880 च्या दशकातली, आणि विद्यापीठ 1923 चे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून नई तालीम निघाली, आणि त्याच प्रांतात रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना मांडली. हे दोन्ही प्रयोग फार काळ टिकले नाहीत, पण प्राथमिक शिक्षण हा तेथे राजकारणाचा विषय झाला.

निजामाच्या राज्यातील व्यवस्थेविषयी आपल्याकडे बहुधा ठोकळ विधाने केली जातात, म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहणे न्याय्य ठरेल. तेथे शिक्षणखाते नव्हते असे नाही. तालीमातचा नाजिम, त्याच्या हाताखालचे मोहतमिम, आणि तहतानिया, वस्तानिया व फौकानिया अशा चढत्या श्रेणींच्या शाळा, अशी सांगोपांग रचना होती. 1880 च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. 1917 च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचा तो प्रयोग, त्यासाठी उभारलेल्या भाषांतर कचेरीसह, हिंदुस्थानात अपूर्व होता. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा विद्वान औरंगाबादेत शिक्षणाधिकारी आणि पुढे महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून नांदला, आणि अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्य बरीच वर्षे त्याच शहरातून चालले. परंतु ज्या प्रजेची भाषा मराठी, तेलुगू वा कानडी होती तिच्या दृष्टीने या वैभवाचा अर्थ वेगळा होता. मराठी मूल प्राथमिक इयत्ता आपल्या भाषेत शिके आणि पुढच्या पायरीवर उर्दूशी त्याची गाठ पडे. ज्याच्या घरी उर्दूची सवय नाही, त्याला तो उंबरठा ओलांडणे कठीण जाई. त्यातच जहागिरी, पायगा (लष्करी सरदारांच्या जहागिरी) आणि सर्फ-ए-खास (निजामाची खासगी मिळकत) यांच्या ताब्यात राज्याचा मोठा हिस्सा होता, आणि तेथे दिवाणी, म्हणजे थेट सरकारी, मुलुखापेक्षाही शाळा विरळ होत्या. खासगी शाळा काढायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. अशा परिस्थितीत हैदराबादची विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (दोन्ही 1907), औरंगाबादेतील सरस्वती भुवन (1915), आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (1921), जिच्यातून पुढे स्वामी रामानंद तीर्थ अंबेजोगाईकडे वळले, या संस्थांनी जो किल्ला लढवला त्याचे मोल मोठे आहे. पण शहरातील आणि कसब्यातील मध्यमवर्गापलीकडे त्यांची पोच मर्यादित होती. ज्यांना परवडे ते आपले मुलगे सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, नगर वा पुण्यास धाडीत. मुलींना असे कोण धाडणार?

1951 च्या गणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता शेकडा दहाच्या आत होती आणि मुंबई राज्याची चोवीसच्या आसपास. ही तुलना वारंवार केली जाते. तथापि मुंबईच्या आकड्यात मुंबई शहर आणि गुजरातचे जिल्हे मिसळलेले होते, आणि हैदराबादेत तेलंगण, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मुख्य मते

पहिले मत राजवटीला कारण मानते. त्याचे म्हणणे असे, की निजामी अमलाने मराठवाड्यातील शिक्षणाची एक शतकाची वाढ खुंटवली आणि ती उणीव 1948 नंतरच्या काळात भरून निघाली नाही. याच्या पुष्ट्यर्थ वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या तुलनेइतका प्रबळ पुरावा दुसरा नाही. भाषा एक, देशमुखी-देशपांडेपणाची वतनव्यवस्था एक, काळी जमीन एक, आणि 1853 पर्यंत धनीही एक. फरक काय तो त्यानंतरच्या पंचाण्णव वर्षांचा. बुलढाणा आणि जालना हे जिल्हे एकमेकांस लागून आहेत, सिंदखेडराजा व देऊळगावराजा या तालुक्यांतून निघालेला मनुष्य सकाळी जालन्याच्या बाजारास जाऊन संध्याकाळी परत येतो. तरी 2011 मध्ये बुलढाण्याची साक्षरता 83.4 होती आणि जालन्याची 71.5. जालन्यातील स्त्रियांत ती जेमतेम 61 होती.

या मतावरचा पहिला आक्षेप असा, की ते सरहद्दीच्या एकाच टोकाला लागू पडते. तीच जुनी हद्द दक्षिणेकडे चालत आलो की चित्र पालटते. बीड निजामाचा आणि सोलापूर मुंबई इलाख्याचा. दोघांची साक्षरता 2011 मध्ये 77 होती. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, 78.4 वर, म्हणजे सोलापूरच्याही किंचित पुढे. राजवट हे जर निर्णायक कारण असेल तर तिचा ठसा जालन्यात उरावा आणि उस्मानाबादेत पुसला जावा याचे स्पष्टीकरण राजवटीबाहेर शोधणे भाग आहे. शिवाय शाहूंच्या कोल्हापुराने सक्तीचा हुकूम इतका लवकर काढूनही आज तो जिल्हा शेजारच्या सांगलीच्या बरोबरीत, म्हणजे 81.5 च्या आसपास, आणि साताऱ्याच्या किंचित खाली आहे. उत्तम आरंभाचाही ठसा शंभर वर्षांत इतका पुसट होत असेल, तर वाईट आरंभाचा मात्र तेवढाच ठळक राहतो असे मानण्यास आधार काय?

या मताला अर्थशास्त्रज्ञांकडूनही अनपेक्षित प्रतिस्पर्धी लाभला आहे. लक्ष्मी अय्यर यांनी डलहौसीच्या काळी वारसाअभावी खालसा झालेल्या मुलुखांचा आधार घेऊन प्रत्यक्ष ब्रिटिश अमलाची संस्थानी अमलाशी तुलना केली, आणि ब्रिटिशांनी चांगली जमीन निवडून घेतली ही गोष्ट हिशेबात धरली तर पुढील काळातील शाळा-दवाखान्यांच्या बाबतीत संस्थानी प्रदेश मागे नव्हे तर पुढे दिसतात, असा निष्कर्ष काढला. सातारा आणि नागपूर ही दोन्ही राज्ये त्याच धोरणाने गिळली गेली होती, हे मराठी वाचकास सांगायला नको. तथापि हा अखिल भारतीय सरासरीचा निष्कर्ष असून हैदराबादसारख्या विशाल संस्थानाच्या एका उपेक्षित कोपऱ्याला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल, असे माझे मत आहे.

दुसरे मत जमीनधाऱ्याला महत्त्व देते. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनीच दाखवल्याप्रमाणे, जेथे जमीनदार मध्यस्थ नव्हता तेथे स्वातंत्र्योत्तर काळात शेती आणि शिक्षण दोन्ही अधिक फोफावले. देशभर हा नियम कितीही खरा असो, महाराष्ट्रात तो अडखळतो. मालगुजारीचे नागपूर साक्षरतेत अव्वल आहे, रयतवारीचे धुळे 73 च्या खाली. आणि मराठवाड्यातील दिवाणी मुलुखातही निजामाचा दिवाण सालारजंग याच्या सुधारणांनंतर जमाबंदी बरीचशी मुंबईच्या नमुन्यावरच झाली होती.

तिसरे मत राजवट आणि जमीन दोन्ही बाजूस सारून समाजाच्या स्वतःच्या हालचालीकडे बोट दाखवते. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यास नेली. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. नागपुरात किसन फागुजी बनसोडांनी दलित मुलींसाठी शाळा काढली. शाहूंच्या वसतिगृहांनी खेड्यातल्या मुलाला शहरात छप्पर दिले. मराठवाड्यात बहुजन समाजातून अशी हालचाल उशिरा झाली. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादेतील महाविद्यालय 1950 चे, नांदेडचे पीपल्स कॉलेज त्याच वर्षीचे, आणि मराठवाडा विद्यापीठ 1958 चे. विदर्भातील साक्षरतेच्या उंचीत तेथील दलित आणि नंतर बौद्ध समाजाने शिक्षणाला दिलेल्या महत्त्वाचा वाटा फार मोठा आहे, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे. मला हे मत तिघांत सर्वांत पटणारे वाटते, परंतु त्याची एक अडचण आहे: चळवळ ही मोजता येत नाही. शाळा किती निघाल्या हे सांगता येते. शाळेत जाण्याची इच्छा कोणत्या तालुक्यात केव्हा रुजली हे कोणत्या दफ्तरात सापडेल?

चौथे मत, जे अलीकडे बळावले आहे, ते मुलुखवार तुलनेलाच आक्षेप घेते. विभागाविभागांतील अंतरापेक्षा विभागाच्या पोटातील अंतर मोठे आहे, असे त्याचे म्हणणे. विदर्भातच नागपूर 88.4 आणि गडचिरोली 74.4; उत्तरेकडे नाशिक 82 च्या पुढे आणि नंदुरबार 64.4. भिली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिलीच्या वर्गात प्रमाण मराठी ही जवळजवळ परभाषाच असते. उस्मानियाच्या छायेत मराठी मुलापुढे जो उंबरठा होता, तोच येथे मराठीने आदिवासी मुलापुढे उभा केला आहे, ही गोष्ट मराठवाड्याच्या अन्यायाविषयी बोलणाऱ्यांनी क्वचितच बोलून दाखवली. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांनी त्यांच्या मुलांची गळती काही प्रमाणात रोखली असली, तरी अर्धे शैक्षणिक वर्ष फडावर जाणाऱ्या मुलाची गणना साक्षरांत होणे आणि त्याला वाचता येणे या निराळ्या गोष्टी आहेत.

शासकीय मोजमाप

राज्याने या वादाला अनुशेषाचे रूप दिले. 1953 च्या नागपूर करारात विभागांच्या न्याय्य वाट्याचे आश्वासन होते. संविधानाच्या 371 (2) कलमात त्याला घटनात्मक आधार मिळाला. 1983 मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, विद्युतीकरण यांबरोबर सामान्य आणि तंत्रशिक्षण यांतलाही अनुशेष रुपयांत मोजला. वैधानिक विकास मंडळे 1994 मध्ये आली आणि विजय केळकर समितीने पुढे या प्रश्नाचा पुन्हा ऊहापोह केला. या पद्धतीचा गुण म्हणजे तिने भाषणांच्या जागी हिशेब आणला. तिचा दोष असा की हिशेब इमारतींचा आणि जागांचा झाला. त्याच 1983 च्या सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांना वाट मोकळी केली, आणि ती महाविद्यालये साखरेचा पैसा जेथे होता तेथेच प्रथम उगवली; म्हणजे एका हाताने अनुशेष मोजला जात असता दुसऱ्या हाताने तो वाढत होता. वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीस टक्क्यांचे विभागीय सूत्र याच चिंतेतून जन्मले आणि मराठवाड्यातूनच त्याविरुद्ध ओरड झाल्यावर 2020 मध्ये रद्द झाले.

लातूरचे उदाहरण येथे बुचकळ्यात टाकणारे आहे. शालान्त आणि उच्च माध्यमिक परीक्षांच्या गुणवत्ता याद्यांत लातूरने जो दबदबा निर्माण केला, त्याचे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर गाजले, आणि आजही प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी अनेक विद्यार्थी त्या शहरात येऊन राहतात. तरी जिल्ह्याची साक्षरता 2011 मध्ये 77 च्या किंचितच वर होती. शिखराची उंची आणि पायथ्याची रुंदी यांचा परस्परसंबंध किती, हे या एका जिल्ह्याचा नीट अभ्यास झाल्यास बरेच कळेल.

जे अनिर्णीत आहे

पहिली अडचण मापाची आहे. 1911 पासून पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे ही साक्षरतेची कसोटी होती. 1991 पासून सात वर्षांखालील मुले हिशेबातून वगळली गेली. जालना 1981 पूर्वी, लातूर 1982 पूर्वी, नंदुरबार 1998 पूर्वी जिल्हा म्हणून अस्तित्वातच नव्हता. तेव्हा सत्तर वर्षांची जिल्हावार रेषा ओढणाऱ्याने आधी तालुक्यांची फेरजुळणी केली पाहिजे, आणि ती फारशी कोणी केलेली नाही. 2021 ची गणना वेळेवर न झाल्याने आपण अद्याप 2011 च्याच आकड्यांवर वाद घालीत आहोत, ही आणखी एक अडचण.

दुसरी अडचण स्थलांतराची. कोकणातून आणि विदर्भातून शिकलेला मनुष्य बाहेर पडतो आणि पुण्या-ठाण्याच्या खाती मोजला जातो. पुण्याच्या 86 पैकी किती पुण्याने शिकवलेले आणि किती आयते आलेले, याचा उलगडा आकड्यांतून होत नाही.

तिसरी गोष्ट जुन्या हद्दीच्या उत्तर आणि दक्षिण टोकांतील फरकाची, आणि माझ्या मते संशोधनाची सर्वांत सुपीक जागा हीच आहे. उस्मानाबाद आणि बीड यांची सोलापूर-बार्शीशी असलेली जुनी जा-ये, 1972 च्या दुष्काळानंतर पसरलेल्या शाळा, कारखानदारीबरोबर आलेल्या शिक्षणसंस्था, यांपैकी कशाने दक्षिणेकडील अंतर मिटवले, आणि जालना-बुलढाण्यात ते का मिटले नाही, हे ठरवण्यासाठी भोकरदन, जाफराबाद, सिंदखेडराजा, देऊळगावराजा अशा लगतच्या तालुक्यांची गावनिहाय आणि स्त्रीपुरुषनिहाय तुलना हवी. त्यासाठी लागणारी एका बाजूची कागदपत्रे मध्यप्रांताच्या इंग्रजी अहवालांत आहेत आणि ती वाचली जातात. दुसऱ्या बाजूचे तालीमात खात्याचे दफ्तर उर्दूत आणि हैदराबादेत आहे. ते वाचू शकणारा मराठी अभ्यासक शोधणे हे सध्या या प्रश्नापुढचे पहिले काम आहे.